नऊ म्हशी, तीनशे साठ ओळी

आकडेमोड करणाऱ्यांच्या ऑफिसात कसले आलेत किस्से, असं माझ्या नणंदेला वाटायचं. ती शाळेत शिक्षिका, तिच्याकडं रोजचा एक ताजा किस्सा. एकदा म्हटलं, बस जरा, आज माझं ऐक. सहाला बसलो आणि कुकर लागला साडेसातला! किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही हो. घरात पिशवीत पिशव्या साठत जातात ना, तसे ते साठतात. एक ओढायला जावं तर मागोमाग दहा बाहेर येतात.

तर आमचं ऑफिस. औरंगाबादेत, गारखेड्यात, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेर बोर्ड ‘सांख्यिकी सल्ला केंद्र’. महिन्याला एक तरी माणूस गाडीचा लकी नंबर विचारायला यायचा. केंद्र होतं जोशी सरांचं. सरांनी कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आणि रिटायर झाल्यावर घरी बसून वहिनींच्या डब्यांवर नंबर टाकायला लागले, तेव्हा वहिनींनीच त्यांना हे केंद्र काढून दिलं. त्यांची मदतनीस मी, मीनल. आणि सर्व्हेचे फॉर्म भरून आणायला, कॉम्प्युटरवर चढवायला बद्रीनाथ. बद्री पाचोडचा, चाळिशीचा, घरची शेती भावावर सोपवून रोज एसटीनं यायचा.

वर्ष दुष्काळाचं होतं. शहर मात्र दुष्काळाला न जुमानता वाढत होतं. मी कामाला लागले तेव्हा आमच्या खिडकीतून डोंगर दिसायचा. त्या वर्षी एका अनोळखी घराचं बाथरूम दिसायला लागलं. जी बिल्डिंग उभी राहील ती आधी बोअर घेणार, आणि त्या बोअरमधून धूळ निघाली की टँकर मागवणार.

त्याच उन्हाळ्यात देवगाव रंगारीजवळच्या एका चारा छावणीत म्हशींना पाणी किती बादल्या द्यायचं, हे आमच्या एका कागदावर ठरायची वेळ आली. कागद चुकला असता तर मुक्या जनावरांच्या तोंडचं पाणी गेलं असतं. आम्ही तिघंही तेव्हा खरोखर घाबरलो होतो. पण तिथं पोचण्याआधी जोशी सरांचा प्रश्न तुम्हाला कळायला हवा.

*

एमएस्सीचा एक विद्यार्थी आला. बगलेत जाडजूड फाइल, चेहऱ्यावर तेज.

"सर, झोप आणि स्मरणशक्ती यांचा परस्परसंबंध. तीनशे निरीक्षणं!"

सरांनी फाइलीला हातही लावला नाही. "माणसं किती?"

"सर, तीनशे निरीक्षणं आहेत."

"ते ऐकलं. माणसं किती?"

पोरगा खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर ते बाथरूम होतं, म्हणून पुन्हा आत बघायला लागला.

"दोन, सर. एक मी... आणि एक माझा रूममेट."

पाच महिने रोज सकाळी उठून या दोघांनी एकमेकांना शब्दांच्या याद्या म्हणून दाखवल्या होत्या. दीडशे सकाळी, दोन माणसं, झाली तीनशे!

सरांनी चष्मा काढला. सरांनी चष्मा काढला की समोरच्यानं खुर्ची धरून बसावं.

"बाळ, एकाच माणसाला दीडशे वेळा विचारलं म्हणजे दीडशे माणसं होत नाहीत. तो एक माणूस वैतागतो!"

"हो सर," पोरगा खाली मान घालून म्हणाला, "वैतागलाच तो. मागच्या आठवड्यात रूम सोडून गेला."

"घ्या!" सर माझ्याकडं वळले. "निम्मी लोकसंख्या स्थलांतरित झाली."

*

बाहेरच्यांना हसणं सोपं असतं. आमच्याच घरात काय झालं ते ऐका.

वाळूजचे कामगार उन्हाळ्यात शिफ्टमध्ये पाणी किती पितात आणि थकतात किती, असा एक सर्व्हे आमच्याकडं आला. बद्रीला कामाला लावलं. तो रोज शिफ्टच्या बसथांब्यावर उभा राहायचा, फॉर्म भरून आणायचा. दोन महिन्यांनी त्यानं साठ फॉर्म सुतळीनं बांधून माझ्या टेबलावर ठेवले. नवरदेवाच्या बापानं आहेर ठेवावा तसे!

मी वाचायला घेतले. उंची पाच फूट चार, वजन बासष्ट, डावा गुडघा दुखतो. दुसरा फॉर्म. पाच फूट चार, बासष्ट, डावा गुडघा. तिसरा. सातव्या फॉर्मपर्यंत तो गुडघा मला पाठ झाला.

"बद्रीभाऊ, वाळूजला सगळ्यांचाच डावा गुडघा दुखतो का हो?"

"सगळ्यांचा नाय मॅडम. शेखभाईंचाच."

"आणि हे साठ फॉर्म?"

"शेखभाईंचेच! बाकीचे बस आली की पळतेत. शेखभाई थांबतेत. लई सज्जन मानूस. एक बी प्रश्न टाळला नाय त्यांनी."

आता गंमत अशी की फॉर्मवर कुणाचंही नाव लिहायचं नाही, असं सरांनीच बजावलं होतं. बद्रीनं इमानदारीत लिहिलं नव्हतं. त्यामुळं कागदावर ते साठ वेगवेगळे कामगार होते आणि साठही जण एकाच गुडघ्यानं लंगडत होते.

सर रागावतील म्हणून आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे. सरांनी गठ्ठा चाळला आणि शांतपणे म्हणाले, "बद्रीनाथ, तुम्ही कामगारांचा सर्व्हे केला नाहीत. तुम्ही शेखभाईंचं चरित्र लिहिलंत."

पुढच्या आठवड्यात खुद्द शेखभाई ऑफिसात हजर! हातात टोपी, चेहरा उतरलेला.

"साब, दो महिने से मेरेकू रोज पूछ रहे, पानी कित्ता पिया, थकान कित्ती हुई. मेरा रिपोर्ट कब मिलता? घरवाले घबरा गए, ऐसा क्या हुआ मेरेकू करके!"

*

सरांचा पायही एकदा घसरला. हा किस्सा मी त्यांच्यासमोर सांगते, म्हणून इथंही सांगायला हरकत नाही.

ऑफिसात चहा फार होतो, असं सरांना वाटायला लागलं. वाटलं म्हणून बोलणारे ते नव्हेत. महिनाभर त्यांनी वहीत नोंद ठेवली. कोण किती कप चहा प्यायलं आणि कोण किती मिनिटं उशिरा आलं. महिन्याच्या शेवटी आलेख काढला, रेघ मारली, आणि आम्हाला बोलावलं.

"रेघ सरळ वर चालली आहे. चहा जितका जास्त, उशीर तितका जास्त. उद्यापासून ऑफिसात चहा बंद."

बद्रीचा चेहरा असा झाला, की घरात काही वाईट घडलं असतं तरी त्याहून बरा दिसला असता.

मला झोंबलं ते वेगळ्याच कारणानं. बद्री येणार पाचोडहून एसटीनं. त्याला उशीर होणारच, आणि सकाळी उपाशी निघालेला माणूस आल्यावर पाच कप पिणारच. सर राहायचे दोन गल्ल्या पलीकडं, साडेनऊच्या ठोक्याला हजर, दिवसात एक कप. मी मधेच कुठंतरी. म्हणजे ती रेघ चहाची नव्हतीच, ती पाचोड ते गारखेडा या रस्त्याची होती!

मी तीन रंगांची पेनं घेतली आणि तीच टिंबं माणूसवार काढली. बद्री ज्या दिवशी लवकर पोचायचा, त्या दिवशी सहा कप प्यायचा, वेळ मिळायचा म्हणून. उशीर झाला की तीनच. माझंही तसंच. आणि सरांना कधी उशीरच नाही, तर त्यांची रेघ कुठून येणार! सगळ्यांना एकत्र कालवलं तर रेघ वर, आणि ज्याची त्याची वेगळी काढली तर खाली.

कागद सरांपुढं ठेवला आणि विचारलं, "सर, माणसं किती?"

सरांनी कागद बघितला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बद्रीनाथ."

"जी सर?"

"चहा सांगा. तीन."

माणसामाणसांतला फरक वेगळा, आणि एकाच माणसाच्या दिवसादिवसांतला फरक वेगळा. आमच्या धंद्यातली निम्मी भांडणं एवढ्यावरच असतात. पुस्तकवाले यालाच चाळीस पानं घेतात, आमचं तीन कपांत भागलं.

*

आणि मग मे महिन्यात डॉक्टर काळे आले.

हे जनावरांचे डॉक्टर. मनानं लोणी, पण आत्मविश्वास असा की म्हशीनं लाथ मारली तरी ते म्हशीचंच चुकलं म्हणायचे. देवगाव रंगारीजवळच्या छावणीची देखरेख त्यांच्याकडं होती. दुष्काळात ज्यांच्याकडं चारापाणी नाही, ते आपली जनावरं घेऊन अशा छावणीत येऊन राहतात. तिथंच जनावर, तिथंच माणूस.

डॉक्टरांनी वही उघडली. "नऊ दुभत्या म्हशी निवडल्या. चाळीस दिवस रोज मोजलं, कुठली किती बादल्या पाणी प्यायली आणि दूध किती दिलं. तीनशे साठ ओळी! आणि निकाल काय आलाय माहितीये? जी जास्त पाणी पिते, ती कमी दूध देते!"

"मग?" सरांनी विचारलं.

"मग काय, छावणीला आता तीनऐवजी दोनच टँकर मिळणार. आमचे अध्यक्ष भाऊसाहेब म्हणतात, शास्त्रच सांगतंय तर सगळ्या म्हशींना तीन-तीन बादल्या ठरवून टाकू. उलट दूध वाढेल! पंधरा दिवसांनी मीटिंग आहे. तुमचा फक्त एक शिक्का पाहिजे, की आकडे बरोबर आहेत."

सरांनी चष्मा काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या प्रश्नातला शब्द बदलला.

"म्हशी किती?"

"नऊ."

"मग तीनशे साठ कशाला सांगताय? मीनल, म्हैसवार रेघा काढ."

मला तर खात्रीच होती. मोठ्या अंगाची, दूध आटत आलेली म्हैस पाणी खूप पिणार आणि दूध थोडं देणार. लहान, नुकती व्यालेली याच्या उलट. इथं पुन्हा तोच चहा! प्रत्येकीची रेघ वेगळी काढली की नऊच्या नऊ वर जाणार, हे मी न बघता सांगितलं असतं.

काढल्या. एक वर, एक खाली, एक आडवी, एक अशी की बोट ठेवावं तिथं टिंबच नाही. नुसता पसारा! दोनदा काढल्या, चारदा काढल्या. बद्रीनं सगळे आकडे पुन्हा तपासले. चूक नाही.

चूक नाही म्हणजे डॉक्टरांचं खरं धरायचं? मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. नुसत्या ‘मला वाटतं’वर भाऊसाहेब काही ऐकणार नव्हते.

"म्हशी बघितल्याशिवाय मी सही करणार नाही," सर म्हणाले. आणि ज्यांनी आयुष्यात दूध फक्त पिशवीतलं बघितलं होतं, ते जोशी सर पांढरा शर्ट घालून डॉक्टरांच्या जीपमध्ये बसले.

*

छावणीत पोचलो तर वरून ऊन, खालून फुफाटा, आणि मधे म्हशी. एकाच कडुलिंबाच्या झाडाची सावली, तिच्याखाली तीन खुंटे. बाकीचे सहा उन्हात.

सर वही घेऊन एकेका म्हशीपुढं उभे राहायला लागले, परीक्षेत सुपरव्हिजन करावं तसे. "ही चार नंबर का?"

"व्हय," छावणीचा कारकून म्हणाला.

"काल दूध किती दिलं हिनं?"

"हिचं काल कुठं? ही काल आठ नंबर व्हती."

सर थांबले. मी थांबले. बद्रीनं कपाळाला हात लावला.

डॉक्टर मात्र अभिमानानं म्हणाले, "नंबर पक्के आहेत सर! कानातल्या बिल्ल्यावरचा आकडा फार लांबलचक, तो वाचेपर्यंत म्हैस मान फिरवते. म्हणून मी खुंट्यांवरच ऑइल पेंटनं नंबर टाकून घेतले. खुंटे कुठं जाणार आहेत?"

"खुंटे नाही हो जात!" सर एवढ्या मोठ्यानं ओरडले, की चार नंबरच्या खुंट्यावरची, म्हणजे कालच्या आठ नंबरची, म्हैस दचकून मागं सरली. "म्हशी जातात!"

चाळीस दिवस म्हैस म्हणून खुंट्याचा अभ्यास चालला होता. सावलीतला खुंटा मिळावा म्हणून मालक रोज म्हशी हलवायचे, आणि कारकून इमानेइतबारे खुंट्याचा नंबर लिहायचा. आमच्या तीनशे साठ ओळींत पाणी खरं, दूध खरं, फक्त ते कुणाचं हे कुणालाच ठाऊक नाही!

डॉक्टरांचा आत्मविश्वास तिथंच गळून पडला. ते एका पालथ्या बादलीवर बसले ते उठेचनात.

*

इतका वेळ एक बाई कडबा तोडता तोडता सगळं ऐकत होत्या. गयाबाई. त्यांची म्हैस सुंदरी, छावणीत सगळ्यांत धिप्पाड. रोज सहाएक बादल्या प्यायची आणि दूध बेताचंच द्यायची. म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबानं आरोपी नंबर एक! तिचं पिल्लू, एक वगार, अजून दुधावर होती. सुंदरीचं पाणी निम्मं झालं असतं तर दूध आटलं असतं, आणि त्या वगारीचं काय झालं असतं ते सांगायला शास्त्र लागत नाही.

"कामून डोस्कं धरून बसलात?" त्यांनी विचारलं.

बद्रीनं सांगितलं, "मावशी, कोणत्या दिवशी कोणती म्हैस कोणत्या खुंट्याला व्हती, ते सापडंना झालंय."

"एवढंच व्हय? ते मला इचारा की!"

"चाळीस दिवसांचं?"

"पाडव्याला मपली सुंदरी दोन नंबरला, सावलीत. त्या दिशी शांतीनं तिची बिजली आणून घुसवली, आन् मपलं तिचं भांडान झालं. दुसऱ्या दिशी बिजली दोनला, मपली सातला. त्या दिशी म्या बोलले नाय, पर सांजच्याला बोलले. तिसऱ्या दिशी..."

सरांनी खिशातून पेन काढलं. "बद्रीनाथ, लिहा!"

शांताबाईंना बोलावलं. त्या बिजलीच्या मालकीण, आणि या सगळ्या भांडणांतली दुसरी बाजू. दोघींना दोन टोकांना बसवून वेगवेगळं विचारलं. सावलीवरून जवळजवळ रोज कुणी ना कुणी भांडलं होतं, आणि झालेलं भांडण दोघींपैकी एकही विसरली नव्हती! बद्रीनं वहीत नवा रकाना आखला, ‘भांडण’. कोण, कुणाशी, कुठल्या खुंट्यावरून.

"सर, पण हे विश्वासार्ह धरायचं?" मी हळूच विचारलं.

"या दोघींचं कशावर एकमत होतं का?"

"देव आहे, यावरसुद्धा होत नाही."

"मग ज्या ओळीवर दोघींचं जमतंय, ती ओळ खरी!"

तीन दिवस मात्र काही केल्या लागेनात. गयाबाईंनी आठवून बघितलं आणि खिन्नपणे म्हणाल्या, "त्या तीन दिशी शांती माहेराला गेल्ती. भांडायला कुनी नव्हतंच. दिस कसा गेला ते बी ध्यानात नाय."

ते तीन दिवस आम्ही सोडून दिले. वही मिटताना बद्रीनं शेऱ्यात लिहिलं, ‘शांतता.’

*

ऑफिसात येऊन रेघा काढल्या. पहिली वर. दुसरी वर. पाचवी काढताना बद्री खुर्चीवरून उठून उभाच राहिला. नवव्यांदा रेघ वर गेली तेव्हा सरांनी स्वतः खाली जाऊन भजी आणली!

प्रत्येक म्हैस, ज्या दिवशी तिला जास्त पाणी मिळालं त्या दिवशी, जास्त दूध देत होती. स्वतःच्या मानानं.

दोन दिवसांनी गयाबाई ऑफिसात आल्या. हातात दह्याचं मडकं, बरोबर पुतण्या. कागद दाखवा म्हणाल्या. मी आलेख पुढं केला.

"यात मपली सुंदरी कोन्ती?"

मी खालच्या कोपऱ्यातली लाल टिंबं दाखवली. गयाबाईंचा चेहरा बदलला.

"आन् ही वरची?"

"ती शांताबाईंची बिजली."

"शांतीची वर आन् मपली खाली? ताई, काडा तिला तिथून! वर घ्या!"

"मावशी, बिजली दूध जास्त देते म्हणून वर आहे. पण रेघ बघा ना, सुंदरीची रेघ कशी वर चाललीय."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, रेघेवरून बोट फिरवलं.

"बिजलीपरीस जास्त चढलीय का?"

मी मोजलं. खरंच थोडी जास्त होती. "हो, जराशी जास्त."

"मग राहू द्या तशीच," म्हणाल्या, आणि दह्याचं मडकं तेव्हा कुठं टेबलावर ठेवलं. तोवर हातातच होतं!

*

मीटिंग छावणीच्या मांडवात. वर पत्रे, दुपारचे दोन, आणि समोर सगळे जनावरवाले बसलेले. टेबलामागं कमिटीचे पाच जण, टेबलावर पाण्याचा मोठा जग आणि ग्लास. शेवटच्या ओळीत गयाबाई अशा जागी बसल्या होत्या, की एका डोळ्यानं सुंदरी दिसावी आणि एका डोळ्यानं कमिटी.

भाऊसाहेब तसे वाईट माणूस नव्हते. टँकर खरंच कमी झाला होता, कुठंतरी कात्री लावणं भागच होतं. पण त्यांना भाषणाची भारी आवड. आधी ते बोलले. मग डॉक्टर काळ्यांनी उभं राहून प्रांजळपणे सांगितलं की माझी चूक झाली. मग पुन्हा भाऊसाहेब बोलले. मग मी नऊ रेघांचा कागद धरून सगळं समजावलं. पाण्याची बचत कुठं करायची तेही आम्ही लिहून आणलं होतं. फुफाटा बसावा म्हणून मांडवात आणि कमिटीच्या ऑफिसपुढं रोज दोनदा पाणी शिंपडायचे, ते बंद करायचं. म्हशींचं पाणी आहे तसं ठेवायचं.

भाऊसाहेबांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"मॅडम, तुमच्या नऊ रेघा र्‍हाऊ द्या. सगळं मिळून बगितलं तर जास्त पानी पिनारी कमी दूध देती, हे खरं का खोटं?"

"खरं, पण—"

"खरं हाय ना? मग झालं! तीन बादल्या."

मागं गलका उठला. गयाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरा दिवसांची मेहनत दोन वाक्यांत आडवी!

तेव्हा जोशी सर उठले. मीटिंग सुरू झाल्यापासून ते वहीत काहीतरी खरडत होते. मला वाटलं, ते मुद्दे काढत असतील.

"भाऊसाहेब, मीटिंग सुरू झाल्यापासून मी कमिटीचीसुद्धा नोंद ठेवली आहे. कोण किती ग्लास पाणी प्यायलं आणि कोण किती मिनिटं बोललं. परवानगी असेल तर वाचतो."

"वाचा की!" भाऊसाहेब खुशीत.

"आपले खजिनदार. ग्लास सहा, बोलले एक मिनिट. सेक्रेटरी. ग्लास चार, मिनिटं तीन. आणि आपण, भाऊसाहेब. ग्लास फक्त एक, आणि बोललात पस्तीस मिनिटं! सगळं मिळून बघितलं तर जो जास्त पाणी पितो, तो कमी बोलतो. खरं की खोटं?"

"खरं हाय!" भाऊसाहेब हसले. खजिनदारांनी सातवा ग्लास हळूच खाली ठेवला.

"मग आपल्या भाषणात खंड पडू नये, म्हणून आपलं पाणी आम्ही बंद करतो. बद्रीनाथ!"

बद्रीनं ग्लास उचलला. जग उचलला आणि नेमका गयाबाईंच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

"न्या, न्या! मला काय फरक पडतो?" म्हणत भाऊसाहेब माइकला भिडले. छावणीचा इतिहास झाला. स्वतःचं बालपण झालं. सहाव्या मिनिटाला ते ओठ चाटायला लागले. आठव्याला खोकले. दहाव्या मिनिटाला ‘बंधू आणि भगिनींनो’मधलं ‘बंधू’ आलं आणि भगिनी घशातच अडकल्या. माइकमधून नुसती खरखर.

"पानी..." भाऊसाहेबांनी हात पुढं केला.

मांडवात कुणी हललं नाही. गयाबाईंनी जगावर हात ठेवला.

"आदी सही करा."

भाऊसाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं. सरांकडं बघितलं. जगाकडं बघितलं. मग कागद ओढला, ‘म्हशींचे पाणी पूर्ववत’ या ओळीखाली सही केली, दोन ग्लास एका दमात रिचवले, आणि माइक जवळ घेऊन पाणीबचतीवर पाऊण तास बोलले.

सरांनी वही उघडली आणि त्यांच्या नावापुढं दुसरी नोंद केली. ग्लास दोन, मिनिटं पंचेचाळीस. दहावी रेघ, तीही वर!